साखळी यंत्राचे टप्पे सुटे चालतात, सलग जोडले की अडतात

प्रयोगवही

नमस्कार. आठवीच्या वर्गाला साध्या यंत्रांचा शेवटचा प्रकल्प म्हणून साखळी यंत्र दिलं आहे. गोटी सोडायची, तिने तरफ हलवायची, तरफेने डॉमिनो पाडायचे, असं करत करत शेवटी घंटा वाजवायची. ३६ मुलं, ६ गट. प्रत्येक गटाला ६० × ४५ सेमीची एक प्लायवूडची फळी आणि त्यावर ४ टप्पे, म्हणजे सगळे मिळून २४ टप्पे. ४० मिनिटांच्या ६ तासिका आहेत, त्यातल्या २ झाल्या.

सामान असं: १६ मिमीच्या काचेच्या गोट्या, लाकडी डॉमिनो (४८ × २४ × ७.५ मिमी), ३० सेमीच्या लाकडी पट्ट्या, उभ्या चिरलेल्या पीव्हीसी नळ्या, पुठ्ठा, सुती दोरा, कागदी कप, मास्किंग टेप, दीड व्होल्टचे सेल आणि खेळण्यातल्या छोट्या मोटारी.

एकेक फळी सुटी चालते, निदान बऱ्याचदा. दोन फळ्या जोडल्या की निम्म्या वेळा अडते. तीन जोडल्या की शेवटपर्यंत जवळजवळ पोचतच नाही, आणि अडण्याची जागा दर वेळी वेगळी असते, त्यामुळे नेमकं काय दुरुस्त करायचं ते मुलांना कळत नाही. मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. अडतं का? एका फळीवरून दुसरीवर क्रिया कशी पोचवावी? आणि प्रात्यक्षिकाच्या दिवशी यंत्र अडलं तर गुण कसे द्यावेत?

लोलक

अडण्याची जागा दर वेळी वेगळी, यातच उत्तर आहे. एखादा टप्पा बिघडलेला असता तर यंत्र रोज तिथेच थांबलं असतं. तुमचे सगळेच टप्पे थोडे थोडे कच्चे आहेत.

आकडेमोड मुलांकडून फळ्यावर करून घ्या, ती बघितल्याशिवाय पटत नाही. प्रत्येक टप्पा १०० पैकी ९० वेळा चालतो असं धरा. २४ टप्पे सलग चालण्याची शक्यता ०.९ चा २४ वा घात, म्हणजे साधारण ८ टक्के. टप्पा ९५ टक्के खात्रीचा असला तरी पूर्ण यंत्र २९ टक्के वेळाच चालेल. ९९ टक्क्यांवर नेलात तर ७९ टक्के. म्हणजे "बऱ्याचदा चालतं" या दर्जाचा टप्पा साखळीत काहीच कामाचा नाही.

आता टप्पे पक्के कसे करायचे. माझ्या मते यात एकच गोष्ट खरी महत्त्वाची आहे, बाकी सगळं तिच्या मागून येतं: आधीच्या टप्प्याने पुढच्याला ऊर्जा द्यायची नाही, फक्त त्याचा चाप ओढायचा. पुढच्या टप्प्याची ऊर्जा त्याच्याकडे आधीच साठवलेली हवी. उंचावर अडवून ठेवलेलं वजन, ताणलेला रबर, उभा डॉमिनो, सेल, काहीही चालेल.

मुलं हमखास उलट करतात. पहिल्या गोटीची ऊर्जा शेवटपर्यंत पुरवायला बघतात. १६ मिमीची काचेची गोटी साधारण ५ ग्रॅमची. ती १० सेमी खाली आली की तिच्याकडे जेमतेम ५ मिलिज्यूल ऊर्जा असते. त्यातली काही घर्षणात जाते, काही टकरीत, काही आवाजात. दोन टप्प्यांत ती संपते, आणि तिसऱ्या टप्प्याशी यंत्र "कधी चालतं, कधी नाही" अशा काठावर येऊन उभं राहतं.

याउलट डॉमिनो बघा. तुमच्या मापाचा डॉमिनो लाकडी असेल तर ६ ग्रॅमच्या आसपास. तो कलंडायला त्याचा गुरुत्वमध्य फक्त ०.३ मिमी वर उचलावा लागतो, म्हणजे सुमारे ०.०२ मिलिज्यूल. पडताना मात्र गुरुत्वमध्य २० मिमी खाली येतो आणि १.२ मिलिज्यूल सुटतात. जितकी घेतली त्याच्या साठपट ऊर्जा बाहेर. म्हणून डॉमिनोची रांग कितीही लांब लावा, मंदावत नाही. प्रत्येक टप्प्याचं असं गणित व्हायला हवं. चापाला लागणारी ऊर्जा येणाऱ्या ऊर्जेच्या चौथ्या हिश्शापेक्षाही कमी असेल, तर तो टप्पा निर्धास्त.

फळ्या जोडण्याचा नियमही यातूनच निघतो. सगळ्या गटांना एकच अट घाला: डावीकडून फळीच्या पृष्ठभागापासून १० सेमी उंचीवर एक गोटी आत येईल, ती ४ सेमी रुंदीच्या पट्ट्यात कुठेही येऊ शकते. उजवीकडून १० सेमी उंचीवरच दुसरी गोटी बाहेर पडली पाहिजे, आणि ती आधीपासून एका दाराआड थांबलेली असेल. येण्याची आणि जाण्याची उंची सारखी ठेवली की आलेल्या गोटीच्या जिवावर काम भागत नाही, प्रत्येक गटाला स्वतःची ऊर्जा साठवावीच लागते. शिवाय प्रत्येक गट आपली फळी एकट्याने तपासू शकतो, शेजारच्यांची वाट बघावी लागत नाही.

दार म्हणजे नळीला आडवं भोक पाडून त्यात घातलेली बांबूची काडी. तिथे नळीचा उतार ३ अंशांच्या वर नेऊ नका. ३ अंशांवर ५ ग्रॅमची गोटी काडीवर पाव ग्रॅमभारच रेटते आणि काडी बोटाच्या टिचकीने सुटते. उतार ३० अंश केला की रेटा जवळजवळ दहापट होतो आणि काडी अडकायला लागते.

कप्पी_आणि_दोरा

लोलक यांचं चापाचं तत्त्व सोळा आणे खरं. मी फक्त हाताशी येणारे बिघाड लिहितो, जास्त वेळा होणारे आधी.

पेन्सिलीवरून टाकलेला दोरा. याला मुलं कप्पी म्हणतात, पण पेन्सिल फिरत नाही. न फिरणाऱ्या दांड्यावरून दोरा अर्धा वळसा घेतो तेव्हा घर्षणामुळे दोन्ही बाजूंच्या ताणांत मोठा फरक पडतो. घर्षणगुणांक ०.३ धरला तर १०० ग्रॅम उचलायला दुसऱ्या बाजूला जवळजवळ २६० ग्रॅम लागतात. असे दोन दांडे आले की साडेसहाशेच्या पुढे. मुलं वजन वाढवत जातात, मग टेप सुटते, मग खांब वाकतो. वजन वाढवू नका, दांडा फिरता करा: पेन्सिलीवर स्ट्रॉचा ४ सेमीचा तुकडा सैल बसवा आणि दोरा स्ट्रॉवरून न्या, किंवा दोरा गुंडाळायची रिकामी रिळं वापरा. रिळाला दोन्ही बाजूंना कडा असते, त्यामुळे दोरा घसरून बाहेर जात नाही.

सुती दोरा. ताण दिला की लांबतो आणि दमट हवेत त्याची लांबी बदलते. काल घट्ट असलेला दोरा आज ५ मिमी सैल, आणि तुमच्या चापाची चाल एकूण ८ मिमी. विणलेला नायलॉनचा दोरा घ्या. तंगूस ताणाला चांगली, पण गुळगुळीत असल्याने साधी गाठ सुटते. दोन-तीन वेढ्यांची गाठ मारून त्यावर गोंदाचा थेंब टाका.

नळ्यांचे सांधे. वरची नळी खालच्या नळीच्या आत १ सेमी शिरली पाहिजे, कौलं एकावर एक चढवतात तशी. उलट बसवली की अर्ध्या मिलिमीटरच्या कडेवर गोटी उडी मारते. सांध्याला आतून टेप लावू नका, तिची कड सुटली की गोटी तिथेच अडते. उतार मीटरला ३ ते ५ सेमी पुरतो. जास्त दिला तर वळणावर गोटी भिंतीवर चढून बाहेर जाते, आणि मुलं वळणाला उंच कठडा लावत बसतात. उतार कमी करणं त्याहून सोपं.

मास्किंग टेप. वजन धरून ठेवायला ही टेप वापरूच नये. सतत ओढ असली की ती हळूहळू सरकते, म्हणून सकाळी बसवलेला खांब दुपारी कललेला दिसतो. वजन पेलणारे सांधे खिळा, स्क्रू, तार किंवा घट्ट बांधलेल्या दोरीचे हवेत. टेप जागा दाखवायला ठीक.

गोल नरसाळं टाळा. गोटी त्यात कधी ३ सेकंद फिरते, कधी १०. बघायला फार छान, पण बाहेर पडतानाचा वेग आणि दिशा दर वेळी निराळी.

प्रयोगवही

दोघांचे आभार. १० सेमीची अट उद्याच लावते.

एका गटाचा टप्पा विचारते. ३० सेमीची पट्टी, टेकू १० सेमीच्या खुणेवर. आखूड टोकाला ५० ग्रॅमचं वजन, ते १ सेमी उचललं गेलं की त्याला बांधलेली काडी निघते. लांब टोकावर गोटी २० सेमी उंचीवरून पडते. मुलांचं गणित असं: गोटीकडे १० मिलिज्यूल, ५० ग्रॅम १ सेमी उचलायला ५ मिलिज्यूल, म्हणजे दुप्पट ऊर्जा आहे. तरी वजन थोडं उचलून परत खाली बसतं. मुलांचं गणित चुकलं कुठे?

लोलक

चांगली मुलं आहेत, ऊर्जेत विचार करतायत. गणित त्यांनी बरोबर केलं, फक्त टक्कर धरायची राहिली.

गोटी पट्टीवर आदळते तेव्हा तिला सबंध तरफेला एकदम वेग द्यावा लागतो. गोटीच्या जागेवरून बघितलं तर ५० ग्रॅमचं वजन निम्म्या भुजेवर आहे, म्हणून त्याचं जडत्व एक चतुर्थांश भासतं, १२.५ ग्रॅम. पट्टी २० ग्रॅमची धरली तर तिचे आणखी ५ ग्रॅम. म्हणजे ५ ग्रॅमची गोटी साडेसतरा ग्रॅमच्या वस्तूवर आदळून तिच्याबरोबर जाते. अशा टकरीत फक्त ५/२२.५, म्हणजे २२ टक्के ऊर्जा उरते. १० पैकी २.२ मिलिज्यूल.

आता गरज किती? इथे पट्टीचं स्वतःचं वजन मदतीला येतं, कारण तिचा मध्य १५ वर आहे, टेकूपासून ५ सेमी लांब भुजेकडे. आघूर्ण (वजन गुणिले टेकूपासूनचं अंतर) मोजा: आखूड बाजूला ५० × १० = ५००. लांब बाजूला पट्टीचे २० × ५ = १०० आणि गोटी पट्टीवरच राहिली तर ५ × २० = १००. तूट ३०० ग्रॅम-सेमी. टोक १ सेमी उचलायला सुमारे २.९ मिलिज्यूल लागतात आणि आहेत २.२. म्हणून ते पाऊण सेमी उचलून परत बसतं. गोटी उसळून बाजूला गेली तर आणखी कमी.

उंची वाढवून ४० सेमी केली तर चालेल, पण ते काठावरचं चालणं. त्याऐवजी तरफ आधीच तोलून ठेवा. लांब टोकाला कागदी कप चिकटवा. कपासकट तिथे २० ग्रॅम झाले की तरफ बरोबर तोलते (५०० वजा १००, भागिले २०). कपात वॉशर घालून कपासकट वजन १७ ग्रॅम करा. गोटी आली की २२ होतात, तरफ कलंडते. आता गोटी आदळायची गरजच नाही, नुसती कपात येऊन बसली तरी काम होतं. कप हवाच, नाहीतर गोटी उडून जाते आणि भार राहत नाही.

१७ हा आकडा जपून निवडा. १९ केलात तर टेबलाला धक्का लागला तरी तरफ सुटेल. १५ केलात तर गोटी बसल्यावर जेमतेम तोल साधेल आणि टेकूच्या घर्षणात अडकेल.

शक्यतांचा_तक्ता

टप्पा पक्का झाला हे कसं ठरवायचं, यावर थोडं. बहुतेक जण सांगतात, दहापैकी दहा वेळा चालला की झाला. तेवढं पुरत नाही. ९० टक्केच खात्रीचा टप्पासुद्धा ३५ टक्के वेळा सलग १० चाचण्या पार करतो (०.९ चा १० वा घात). तिसांपैकी तीस मागितलेत तर असा कच्चा टप्पा फक्त ४ टक्के वेळा निसटेल. डॉमिनो किंवा तरफेच्या ३० चाचण्या पंधरा मिनिटांत होतात. फुग्याच्या, वाळूच्या टप्प्यांना तेवढा वेळ मिळणार नाही.

म्हणून मोजण्यापेक्षा ताणून बघणं जास्त उपयोगाचं. तीन चाचण्या घ्या. पहिली, निम्मा धक्का: गोटी नेहमीच्या निम्म्या उंचीवरून सोडा. दुसरी, सरकलेली जागा: येणारी नळी ५ मिमी डावीकडे, मग ५ मिमी उजवीकडे. तिसरी, टेबलावर मुठीने हलकी थाप: यात टप्पा सुटता कामा नये. या तिन्ही पाच-पाच वेळा पार झाल्या, तर नेहमीच्या परिस्थितीत तो टप्पा अडण्याचं कारण उरत नाही. पहिल्या दोन चाचण्या न सुटणारा टप्पा दाखवतात, तिसरी नको तेव्हा सुटणारा. मुलं पहिल्याच प्रकाराकडे लक्ष देतात आणि प्रात्यक्षिकाच्या आधी कोणी टेबलावर रेललं की दुसऱ्या प्रकाराने सगळं आटोपतं.

मोबाइलवर सेकंदाला १२० किंवा २४० चौकटींचं चित्रण करून घ्या. गोटी कपाच्या कडेला लागून आत गेली की थेट आत गेली, हे डोळ्यांना दिसत नाही. कडेला लागून गेली असेल तर ती चाचणी पास धरू नका, पुढची चुकणार आहे.

विद्युतमंडल

मोटारी आहेत म्हणून लिहितो. अॅल्युमिनियमच्या दोन पट्ट्या एकमेकींवर पडून मंडल पूर्ण होईल असा स्विच मुलं करतात. त्यावर भरवसा ठेवू नका. अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर असतो, त्यातून वीज जायला पट्ट्या दाबल्या गेल्या पाहिजेत, आणि पडणारा डॉमिनो तेवढा दाब देत नाही. पट्टी आदळून उसळतेसुद्धा.

सगळ्यात खात्रीचा स्विच कपडे वाळत घालायच्या चिमट्याचा. चिमट्याच्या दोन्ही जबड्यांना आतून पितळी टाचण्या, एकेका टाचणीला तासून उघडी केलेली तांब्याची तार, आणि मध्ये प्लास्टिकची गुळगुळीत पट्टी. पट्टी ओढून काढली की स्प्रिंग टाचण्यांना दाबून धरते, मंडल पूर्ण होतं आणि तसंच राहतं. पुठ्ठ्याची पट्टी घेऊ नका, घासते. पट्टी ओढायला किती भार लागतो ते वॉशर टांगून मोजा आणि त्याच्या दुप्पट वजन पडेल असं करा.

मोटार: आस जेमतेम २ मिमीची, दोरा तिच्यावरून घसरतो. बाटलीच्या दोन झाकणांमध्ये पुठ्ठ्याची चकती चिकटवून रीळ करा. खिळ्यावर तार गुंडाळून विद्युतचुंबक करणार असाल तर एक सावधगिरी. ०.४ मिमीच्या तारेचे १०० वेढे म्हणजे साधारण २ मीटर तार, तिचा रोध पाव ओमच्या आसपास. सेलच्या दृष्टीने हे जवळपास शॉर्टच, सेल आणि तार दोन्ही तापतात. १० सेकंदांच्या आत मंडल तुटलंच पाहिजे. लिथियमचे सेल इथे अजिबात नकोत, घरगुती वीजजोडणीचा तर प्रश्नच नाही. चाचण्यांचे सेल वेगळे आणि प्रात्यक्षिकाचे वेगळे ठेवा.

घड्याळजी

एका टप्प्यात मुद्दाम उशीर हवा असेल तर पाण्याऐवजी वाळू घ्या. भोक पडलेल्या कपातून पाणी सुरुवातीला जोरात आणि मग मंद पडतं, कारण वेग पाण्याच्या उंचीवर अवलंबून असतो. वाळूचा प्रवाह वरच्या थराच्या उंचीवर जवळजवळ अवलंबून नसतो, म्हणून वेळ दर वेळी सारखी येते. ६ मिमीच्या भोकातून बारीक कोरडी वाळू सेकंदाला ५–६ ग्रॅम पडते. ६० ग्रॅमला सुमारे १० सेकंद. तुमच्या वाळूवर मोजूनच घ्या. वाळू चाळणीतून दोनदा काढा आणि उन्हात वाळवा, एक खडा किंवा थोडी ओल आली की भोक बंद.

सोडा-व्हिनेगरवर फुगा फुगवायचा टप्पा मुलांना फार आवडतो, ठेवायचा असेल तर प्रमाण बघा. ५ ग्रॅम खाण्याच्या सोड्याला ५ टक्क्यांचं व्हिनेगर ७०–७५ मिली लागतं आणि गणिताने सुमारे १.४ लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो. काही वायू पाण्यात विरघळून राहतो, त्यामुळे हातात कमी येतो. फुगा आधी दोन-तीनदा फुगवून सैल करून घ्या, नव्या फुग्याला पहिला फुगवटा यायलाच जास्त दाब लागतो. बाटलीला घट्ट बूच कधीही लावायचं नाही.

प्रयोगवही

गुणांचं राहिलं. आणि डॉमिनोच्या वीस ठोकळ्यांची रांग म्हणजे वीस टप्पे, असं एका गटाचं म्हणणं आहे.

लोलक

रांग हा एकच टप्पा. टप्पा मोजायची व्याख्या द्या: ऊर्जेचं रूप किंवा क्रिया करणारं यंत्र बदललं तरच नवा टप्पा. गोटी नळीतून गेली, एक. तिने तरफ कलंडवली, दोन. तरफेने काडी ओढली आणि वजन पडलं, तीन.

त्या गटाला ठोकळेच वापरायचे असतील तर थोडेच, पण मोठे होत जाणारे करायला सांगा. प्रत्येक पुढचा ठोकळा सगळ्या मापांत दीडपट: ४८ मिमीनंतर ७२, १०८, १६२. दीडपट माप म्हणजे जवळजवळ ३.४ पट वजन, म्हणून ६ ग्रॅमपासून चौथा ठोकळा २३० ग्रॅमवर जातो आणि पडताना दीडशे मिलिज्यूल देतो. बोटाच्या टिचकीपासून चार ठोकळ्यांत एवढी वाढ! मोठं वजन अडवणारी खुंटी ओढायला हाच ठोकळा वापरा. २०० ग्रॅमचं वजन ज्या खिळ्याला अडकवलंय तो खिळा ओढायला घर्षणापोटी ४० ते ६० ग्रॅमभार लागतो, तो ५ ग्रॅमच्या गोटीच्या आवाक्यात नाही. त्यातही खिळा घासून गुळगुळीत करा आणि दोऱ्याचा फास त्याच्या टोकाजवळ ठेवा, म्हणजे १ सेमी ओढलं तरी सुटतो.

शक्यतांचा_तक्ता

गुणांबद्दल माझं ठाम मत: शेवटच्या एका धावेवर १० टक्क्यांपेक्षा जास्त गुण ठेवू नयेत. २४ टप्प्यांच्या यंत्राची एक धाव म्हणजे वर लिहिल्याप्रमाणे बराचसा नशिबाचा भाग, आणि एका गटाच्या चुकीची शिक्षा सहा गटांना.

४० टक्के चाचण्यांच्या नोंदवहीला द्या. प्रत्येक ओळीत तारीख, धाव क्रमांक, कुठे अडलं, का अडलं असं वाटतं, काय एकच बदललं, पुढच्या पाच धावांत काय झालं. "एकच" वर जोर द्या. मुलं एकदम तीन गोष्टी बदलतात आणि मग कशाने सुधारलं ते कळत नाही. ३० टक्के ऊर्जेच्या आकृतीला: प्रत्येक टप्प्यात ऊर्जा कुठे साठली होती, चापाला किती लागली, किती सुटली, आकड्यांसह. उरलेले २० टक्के फळी सुटी असताना तीन धावांवर, प्रत्येक हात लावण्याला ठरावीक गुण वजा.

रूब गोल्डबर्ग (१८८३–१९७०) हे व्यंगचित्रकार, ज्यांच्या चित्रांवरून अशा यंत्रांना नाव पडलं, ते शिक्षणाने अभियंते होते. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात १९४९ मध्ये अशा यंत्रांची विद्यार्थी स्पर्धा सुरू झाली. तिथल्या नियमांतली हात लावला की गुण कापायची पद्धत वर्गातही घेण्यासारखी आहे. मुलं यंत्र अडलं की रडत बसत नाहीत, बोटाने ढकलतात, दोन गुण सोडतात आणि पुढचं बघतात.

कप्पी_आणि_दोरा

प्रात्यक्षिकाच्या दिवसासाठी दोन गोष्टी.

उंचावरचं प्रत्येक वजन, ताणलेला प्रत्येक रबर, उभी प्रत्येक रांग यांना वेगळी सुरक्षा-खीळ ठेवा, आणि प्रत्येक खिळीला लाल फीत बांधा. खिळी काढण्याचं काम प्रत्येक गटातल्या एकाच मुलाकडे. यंत्रावर १४ फिती असतील तर सुरू करण्याआधी टेबलावर १४ फिती मोजून मांडल्या पाहिजेत. १३ भरल्या तर एक वजन अजून बांधलेलं आहे आणि यंत्र तिथेच अडणार. उंदराचा सापळा वापरणारा गट असेल तर त्याची खीळ सगळ्यात शेवटी आणि पकडीने काढायची, बोटाने नाही.

डॉमिनोच्या रांगेत दर दहा ठोकळ्यांनंतर दोन जागा रिकाम्या सोडा. चुकून एक पडला तर दहाच पडतात. त्या जागा अगदी शेवटी, सगळे टेबलापासून दूर झाल्यावर भरायच्या. ठोकळ्यांतलं अंतर २ ते २.५ सेमी, म्हणजे उंचीच्या निम्म्याच्या आसपास. हे अंतर पट्टीने मोजत बसू नका. पुठ्ठ्याच्या पट्टीला कंगव्यासारख्या खाचा कापा, खाचांत ठोकळे उभे करा आणि पट्टी बाजूला सरकवून काढून घ्या. मांडणी दोन मिनिटांत होते, आणि पुन्हा मांडायला कंटाळा आला नाही की मुलं आणखी चाचण्या घेतात.

प्रयोगवही

फितींची कल्पना लगेच घेते. फळ्या एकमेकींना कशा बांधायच्या? टेबलांची उंची थोडी कमी-जास्त आहे.

कप्पी_आणि_दोरा

टेबलांना बांधू नका, फळ्या एकमेकींना बांधा. शेजारच्या दोन फळ्यांच्या कडांवर १० सेमीची लाकडी चीप ठेवून दोन क्लॅम्प. खालच्या बाजूने पुठ्ठ्याचे तुकडे सारून पाणसळीने सहाही फळ्या समतल करा, आणि मगच नळ्यांचे उतार तपासा. आधी उतार लावून नंतर फळ्या समतल केल्या तर सगळे उतार पुन्हा लावावे लागतात. जोडताना शेवटच्या फळीपासून मागे या: सहावी एकटी, मग पाचवी-सहावी, मग चौथी. म्हणजे घंटा दर चाचणीला वाजते, आणि नवी जोडलेली फळी अडली तर बिघाड तिच्यात किंवा तिच्या सांध्यातच शोधायचा असतो.